वीतभर उघडं शेटर

सीताफळं आली. पाटी बघावी लागत नाही, वासानंच कळतं. दसरा झाला, आपट्याची पानं सुकून कोपऱ्यात गेली की डोंगरपट्ट्यातल्या बाया वडवणीच्या बाजारात उतरतात, पाटीवर सीताफळाचाच पाला झाकलेला, आणि आमच्या दुकानासमोर रांग धरून बसतात. मग मी पायरीवरून विचारायचं, "मावशे, डोळे तरी उघडलेत का याचे?" आणि तिनं म्हणायचं, "उघडलेत की गं, तुज्याकडंच बघायलंय ते." डोळे उघडायच्या आत तोडलेलं सीताफळ पिकत नाही, काळं पडून दगड होतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी दरवर्षी दोन-चार दगड पदरात पडतातच. मी पाटी आत नेते, पोत्यावर अढी घालते, वरून दुसरं पोतं टाकते. दोन दिवसांत घरभर तो गोड, जरासा आंबूस वास भरतो. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी तोंड फिरवते.

आवडत नाही असं नाही हं. लई आवडतं. उभ्या उभ्या चार खाईन. पण या वासाबरोबर एक वर्ष आत शिरतं आणि पाहुण्यासारखं ठाण मांडून बसतं, जा म्हटलं तरी जात नाही.

आमचं घर म्हणजे पुढं किराणा दुकान आणि मागं संसार. मध्ये एक आतली खोली, तिथं साखरेची, तांदळाची पोती. दुकानाला मोठं लोखंडी शेटर, ते आतून ओढायचं आणि मागच्या दारानं घरात यायचं. दिवस मोठे असतात तेव्हा शेटर उजेडातच पडतं. सीताफळाच्या दिवसांत मात्र अंधार लवकर येतो. दिवेलागण, देवापुढची घंटी आणि शेटरचा खडखडाट हे सगळं एकाच वेळी होतं. त्या वर्षी याच वेळेला माझी गिरिजा किंचाळायची.

गिरू तेव्हा बालवाडीत होती. एवढीशी चिमणी, पण किंचाळली की समोरचा चहावाला हातातला कप खाली ठेवायचा. नुसतं किंचाळणं नाही. भुईवर लोळण, हाताला येईल ते फेकणं, जवळ येईल त्याला चावणं. तराजूतली मापं फेकायची. एकदा गुळाची ढेप ढकलून पायावर पाडून घेतली. बालवाडीत एका पोराचा कान असा चावला की त्याची आई पदर खोचूनच आमच्या दुकानात आली. माझ्या दंडावर तर तिच्या दातांची नक्षी कायमचीच होती, बांगड्या भरायला गेले की कासारीण डोळे मोठे करायची. मी म्हणायची, "कुत्रं पाळलंय घरात." हसत म्हणायची. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडायची.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझे मालक गेले होते. माजलगावच्या रस्त्याला मोटारसायकल घसरली. आम्ही लिंगायत वाणी. माती दिली, स्वामी आले, सगळं रीतसर झालं. गल्ल्याच्या वर त्यांचा फोटो लागला. फोटोला रोज हार आणि भस्म. येणारं गिऱ्हाईक तेल मागायच्या आधी फोटोकडं बघून म्हणायचं, "देवमाणूस व्हता." मी पुडी बांधायची.

सगळे म्हणत, बाप गेला म्हणून पोर अशी करायलीय. कुणी म्हणे बाधा, कुणी म्हणे लाड. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. लिंबागणेशला जाऊन आलो. तिथं गाभाऱ्यासमोर मात्र शहाण्यासारखी बसली आणि पेढा मागून घेतला. आत्या म्हणाल्या, "बघ, देवाला भेलंय ते." घरी आलो, अंधार पडला, मामांनी शेटर ओढलं, आणि पुन्हा तेच. मामा म्हणजे माझे सासरे. कमी बोलणारा माणूस, ओठांवरही तराजू ठेवल्यासारखा.

मग माजलगावच्या वन्सं, माझी मोठी नणंद, येऊन गेल्या. त्यांनी एक संध्याकाळ तो तमाशा बघितला आणि जाताना सांगितलं, "दिवाळी झाली की पोरीला मी न्हेते. आमच्याकडं हाय शिस्त." ती शिस्त मला माहीत होती. त्यांच्या घरात खुंटीला छडी टांगलेली असते आणि त्यांची स्वतःची पोरं जेवताना मान वर करत नाहीत. आत्या म्हणाल्या, "बरं हुईल." मामा काही म्हणाले नाहीत, म्हणजे ठरलंच. मला कुणी विचारलं नाही. मी कुठं जाणार होते? माहेरी आई-बाप नाहीत, भावजयीचं राज्य. इथं मात्र पहाटेपासून माझ्याविना चूल पेटत नव्हती की डाळीच्या पुड्या बांधल्या जात नव्हत्या. पोर गेली असती आणि मी राहिले असते, त्या शेटरच्या आत.

बालवाडीच्या बाईंनी वाट दाखवली. त्या म्हणाल्या, बीडच्या सरकारी दवाखान्यात अशा लेकरांसाठी एक ताई बसते, औषध देत नाही, बोलते. आत्यांनी कपाळाला हात लावला. "बोलायचा दवाखाना? बोलायला बीडला कावून जायचं? घरात काय तोंडं शिवलीत का?"

शिवलेलीच होती. पण ते तरी कोण बोलणार.

तरी गेलो, आत्या, मी आणि गिरू. एसटीत गिरूनं कंडक्टरच्या पिशवीचा पट्टा चावला. दवाखान्यातली ताई माझ्यापेक्षा लहान, चष्म्याची, सर्दीनं बेजार. खोलीत लाकडी ठोकळे, एका बाहुलीला हातच नव्हता. ताईनं नाक पुसत साधा प्रश्न विचारला, "ती चिडते, त्याच्या जरा आधी काय झालेलं असतं?"

आत्या म्हणाल्या, "काई न्हाई वो. बरं खेळत असतंय लेकरू, अन् एकदम अंगात आल्यावानी करतंय."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघितलं. "काही नाही," मी म्हणाले.

आता सांगते. माझे मालक प्यायचे. प्यायले की त्यांना माझी कुठलीतरी चूक सापडायची, भाजीत मीठ, गिऱ्हाइकाशी हसणं, काहीही. मग ते भर बाजारात शेटर ओढून घ्यायचे. बाहेरच्यांना वाटायचं, आज लवकर बंद केलं. शेटर खाली टेकलं की आत दुकान राहायचं नाही. मी पदराचा बोळा दातात धरायची, कारण ओरडले तर बाजार ऐकेल, आणि बाजारानं ऐकलं तर वाण्याच्या घराची अब्रू जाईल. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मागं देवघरात आत्या दिवा लावायच्या आणि घंटी वाजवायच्या. त्या दिवसांत ती घंटी फार वेळ वाजायची. गिरूला मी आधीच साखरेच्या पोत्यांमागं ढकलून द्यायची आणि मला वाटायचं, तिथं ती झोपते.

हे त्या खोलीत कसं सांगणार? शेजारी त्यांची आई बसलेली, चार-सहा महिन्यांपूर्वी तिचा लेक मातीत गेलेला. गेलेल्या माणसाला बोल लावणारी सून म्हणजे कैदाशीणच. आणि खरं सांगू, मलाच लाज वाटत होती. मार खाणाऱ्याला लाज का वाटावी, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. राग येतो. पण तेव्हा लाजच वाटत होती.

ताईनं फार ताणलं नाही. म्हणाली, "रोज थोडा वेळ तिच्याशी खेळा. खेळ तिचा. तुम्ही शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, ती सांगेल तसं करायचं. आणि घरात काही होणार असलं की तिला आधी सांगायचं. आता दिवा लावते, आता आपण उठणार. एकदम काही नको." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई गं, तुला चूल नाही वाटतं घरी. खेळायला सांगते! चार माणसांचा स्वयंपाक काय बाहुली करणार?

पण दिवाळी जवळ येत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तसं. दुपारी गिऱ्हाईक तुटलं की मी आतल्या खोलीत गिरूसमोर बसायला लागले. सुरुवातीला ती माझ्याकडं संशयानं बघायची, आई नुसती बसलीय म्हणजे नक्की काहीतरी कडू पाजणार. मग हळूहळू तिनं मला हुकूम सोडायला सुरुवात केली. हे उचल. असं नाही, असं. मी बापुडी ऐकायची. एकदा तिनं मला मांजर केलं आणि आत्यांनी हाक मारली तर मी "म्यांव" म्हणाले. किती तरी दिवसांनी आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि एका दुपारी तिनं अढीवरचं पोतं बाजूला केलं. सीताफळं अर्धी पिकलेली, वास नाकात बसणारा. तिनं दोन फळं उचलून कोपऱ्यात ठेवली. "हे आज्जा. ही आज्जी. देवाजवळ बसलेत." एक मोठं, एका अंगानं चेपलेलं उचललं. "हे पप्पा." मग भिंतीला टांगलेलं सूप घेतलं, उभं धरलं आणि तोंडानं "खर्रर्र" करत खाली आपटलं.

मी पोत्याचा काठ मुठीत धरला.

"आई, तू आई हो," ती म्हणाली.

"बरं. काय करू?"

"पदर दातात धर. आवाज न्हाई करायचा. आता आज्जी घंटी वाजवती." आणि ती तोंडानं टिंग टिंग करायला लागली, खूप वेळ, एका सुरात, तिचे डोळे कुठंच बघत नव्हते.

ती सांगेल तसं करायचं, असं ताईनं सांगितलं होतं. मी पदर दातात धरला. आणि तशीच मान वर केली तर दारात मामा उभे. पोतं न्यायला आले असतील. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सुपाकडं बघितलं, कोपऱ्यातल्या त्या दोन सीताफळांकडं बघितलं, आणि पोतं न घेताच गेले.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते पण कान पुढं. शेटर खडखडलं. गिरूनं तोंड वासलं. आणि खडखडाट मध्येच थांबला. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. मामांनी शेटर उंबऱ्याच्या वर वीतभर थांबवलं होतं आणि खाली पाच किलोचं माप अडकवलं होतं. फटीतून रस्त्यावरचा उजेड फरशीवर आला होता. गिरू काही वेळ तशीच, तोंड उघडं. मग पोटावर पालथी पडली आणि फटीतून बघायला लागली. "आज्जा, चहावाल्याची चप्पल. आज्जा, कुत्र्याचे पाय."

"आणिक काय दिसतंय?" मामा म्हणाले. तेही फरशीवर मांडी घालून बसले होते, टोपी काढून.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा किंचाळली, उगाच गोड गोड कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी मामांनाच चावली. पण फट राहिली. बाजार चेष्टा करायचा. "काय अण्णा, शेटर अडकलंय का?" मामा म्हणायचे, "उंदराला यायला-जायला वाट ठिवली बे, तुला काय करायचंय?" गिरू झोपली की ते शेटर हळूच पूर्ण खाली घ्यायचे. आवाज होऊ नये म्हणून पट्ट्यांना करडईचं तेल लावायचे, विकायच्या डब्यातलं. तेलाचा थेंब सांडला तर मला ऐकवणारा माणूस!

पुढच्या खेपेला बीडला मामा स्वतः आले. ताईच्या खोलीत त्या बुटक्या खुर्चीवर, गुडघ्यावर टोपी ठेवून बसले. ताईनं पुन्हा तेच विचारलं, आधी काय झालेलं असतं. मी पंख्याकडं बघायच्या आत मामा बोलले.

"आमाला ऐकू येत व्हतं," ते म्हणाले. "माझा ल्योक हिला शेटर लावून मारायचा. आमी दिवा लावून बसायचो." एवढंच. मग टोपी झटकली, जणू तिच्यावर धूळ होती.

मला रडू आलं का? नाही. मला संताप आला. ऐकू येत होतं! मग उठला का नाहीत? हे आजही ओठांवर येतं आणि आजही मी त्यांना पहिली भाकरी वाढते. त्यांनी पोटचा लेक दुसऱ्यांदा गमावला त्या खुर्चीवर, हेही मला दिसत होतं. दोन्ही एकदम दिसलं की माणूस काय करणार.

ताईनं मग त्यांना शिकवलं. शेटर एकदम ओढायचं नाही, गिरूला विचारायचं, आणि ती हो म्हणेपर्यंत थांबायचं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला बाजारानं ऐकलं, "गिरूबाई, शेटर पाडू का?" कधी ती लगेच "पाडा" म्हणायची. कधी "न्हाई" म्हणायची, आणि मग वाण्याचं दुकान डास चावेपर्यंत उघडं राहायचं. आत्या धुसफुसायच्या. मेलेल्या लेकराची अब्रू दवाखान्यात मांडली म्हणून त्या मामांशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पण घंटी त्यांनी बंद केली. दिवा लावायच्या, हात जोडायच्या आणि उठायच्या. एकदा मी बघितलं, घंटी हातात घेऊन नुसत्या बसल्या होत्या, तिची जीभ बोटानं धरून.

दिवाळी आली. भाऊबीजेला वन्सं आल्या. एकुलता भाऊ गेलेला. त्यांनी अंगणात पाट मांडला आणि चंद्राला ओवाळलं. मलाही भरून आलं, माणूस कसाही असो, बहिणीचा भाऊ होता. डोळे पुसून वन्सं म्हणाल्या, "पोरीचे कपडे भर. सकाळी निघते."

मी मामांकडं बघितलं.

"न्हाई," मामा म्हणाले.

"कावून अण्णा? ठरलंय की."

"शेटरला माणूस लागतंय मला."

गिरू लगेच उठली आणि मापाजवळ जाऊन बसली, कामावर असल्यासारखी.

त्याला आता बरीच सीताफळं येऊन गेली. गिरू सातवीत आहे. सोन्यासारखी झाली वगैरे काही नाही. नाकावर राग तसाच आहे, गेल्या महिन्यात भांडणात कुणाचं तरी दप्तर खिडकीतून फेकलं. पण फेकून झाल्यावर स्वतःच आणून दिलं आणि घरी येऊन सांगितलंही. दुकानात तिला पोत्याआड बसावं लागत नाही. अंधार पडला की ती गल्ल्यावर बसून गणितं करते, वरती बापाचा फोटो. तो काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. भस्म मीच लावते रोज, हात आपोआप जातो.

बीडची ती ताई बदलून गेली म्हणे. तिच्या खोलीत आता कुणी बसतं की नाही, मला ठाऊक नाही. कधी वाटतं, बाजारात एवढी लेकरं आईचं बोट धरून जातात, त्यातली कुठली एखाद्या पोत्यामागून आली असतील? वांड म्हणतात, द्वाड म्हणतात, छडीवाल्या घरी पाठवतात. आधी काय झालं होतं, हे विचारायला किती वेळ लागतो हो? माझ्या लेकीचे डोळे नुकते उघडत होते तेव्हा कुणीतरी विचारलं. मला कुणी विचारलं नाही. माझ्या अंगात ते मुरलं. मालक जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शेटर खडखडलं की माझी मान खांद्यात जाते, दिवसाढवळ्या, शेजारच्या दुकानाचं असलं तरी.

मला वाटायचं, हे कुणाला दिसत नाही.

मामांचे गुडघे गेलेत. यंदापासून शेटर गिरू पाडते. उंच झालीय, शेटर ओढायची आकडीची काठीही लागत नाही. पहिल्याच दिवशी तिनं पुढून हाक मारली, "आई, शेटर पाडते गं!" मी मागं परसात भांडी घासत होते. मला वाटलं, सवयीनं म्हणाली असेल. पण खडखडाट आला नाही. पुन्हा हाक, "आई, पाडू का?" बाहेर कुणीतरी हसलं, "पाड की पोरी, कुणाची वाट बघायलीस?" तरी नाही. ती थांबलेली.

तेव्हापासून रोज असंच. आजही. आतल्या खोलीत अढीचा वास सुटलाय, अंधार उतरलाय, आणि पुढून तिची हाक येते. हात शेटरवर ठेवून ती उभी असणार, मी उत्तर दिल्याशिवाय ओढणार नाही. मी "पाड" म्हणायला तोंड उघडते, आणि तेव्हा कळतं की पदर दातात होता.